नाव लपवावे लागते तेव्हा

नेकनूर! 'नेक' म्हणजे चांगला, 'नूर' म्हणजे प्रकाश. इतक्या सुंदर नावाच्या आपल्या गावातून मुले शिकायला आणि कामाला पुण्या-मुंबईकडे जातात. तिथे खोली शोधताना पहिला प्रश्न येतो, "नाव काय?" नाव सांगितले की खोली नेमकी कालच दुसऱ्याला दिलेली असते. चार ठिकाणी असे झाले की पाचव्या ठिकाणी एखादा सलीम 'सुनील' होतो. मग शुक्रवारी नमाजला जाताना टोपी खिशात आणि घरचा फोन आला की आवाज हळू. घरी कळते तेव्हा अब्बा संतापतात, "आपल्या नावाची लाज वाटते का तुला?"

राग येणे साहजिक आहे. पण मुलाने खोटे नाव का घेतले, हे आधी पाहायला हवे.

बडोद्यातले अकरा दिवस

डॉ. बाबासाहेब आंबेडकर अमेरिकेत शिकून १९१७ साली बडोदा संस्थानात नोकरीवर रुजू व्हायला गेले. अस्पृश्याला राहायला जागा कोण देणार? शेवटी एका पारशी विश्रामगृहात पारशी नाव लावून ते राहिले. वरच्या मजल्यावर मोडक्या सामानाने भरलेला दिवाणखाना, रात्री एका कंदिलाचा उजेड आणि बोलायला कुणी नाही. अकराव्या दिवशी सकाळी डझनभर पारशी काठ्या घेऊन आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगून गेले. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडेही आसरा मिळाला नाही. त्यांनी काही तास बागेत काढले आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली.

एवढा शिकलेला माणूस खोटे नाव घेतो, तेव्हा दोष कुणाचा? मराठीत याला 'जात चोरणे' म्हणतात. बाबूराव बागूल यांच्या १९६३ सालच्या कथासंग्रहाचे नावच 'जेव्हा मी जात चोरली होती' असे आहे. खरे तर चोरी त्या माणसाची झालेली असते. त्याचे नाव त्याच्याकडून हिरावून घेतलेले असते.

भीती वेगळी, ढोंग वेगळे

आपला दीन यात स्पष्ट फरक करतो. फिरऔनच्या घराण्यातल्या एका माणसाने आपला ईमान लपवून ठेवला होता. वेळ आली तेव्हा तोच हजरत मूसा (अ.) यांच्या बाजूने भर दरबारात बोलला. कुरआनच्या चाळिसाव्या सूरहला त्याच्यावरूनच 'अल-मोमिन' हे नाव आहे. मक्केत छळ होत असताना हजरत अम्मार बिन यासिर (रजि.) यांच्या तोंडून जबरदस्तीने नको ते शब्द वदवून घेतले गेले. सूरह नहलच्या १०६ व्या आयतीने अशा मजबूर माणसाला, त्याचे मन ईमानवर कायम असेल तर, दोषमुक्त केले. उलट जो लोकांना दाखवण्यासाठी नमाज पढतो आणि शेजाऱ्याला साधी वस्तूही देत नाही, त्याला सूरह माऊनमध्ये कडक इशारा आहे. जीव आणि पोट सांभाळण्यासाठी गप्प राहणारा आणि खोट्या इज्जतीसाठी सोंग घेणारा, या दोघांना एकाच मापाने मोजता येत नाही.

दौलताबादचा हौद

खोली नाकारणाऱ्यांना आपण नावे ठेवतो. आता आपल्या घरातही पाहू. १९३४ साली बाबासाहेब तीसेक सहकाऱ्यांसह वेरूळकडे निघाले. हा मुलुख तेव्हा निजामाचा. आपला बीड जिल्हाही त्याच राज्यात होता. वाटेत त्रास नको म्हणून आपण कोण हे सांगायचे नाही, असे त्यांनी ठरवले होते. महिना रमजानचा. दौलताबाद किल्ल्याच्या दाराशी हौदाच्या पाण्याने त्यांनी धुळीने भरलेले हातपाय धुतले. तेवढ्यात पाणी बाटवले म्हणून एक म्हातारे मुसलमान गृहस्थ ओरडत आले. जमाव जमला, शिवीगाळ झाली. हाच तुमचा धर्म आहे का, आणि उद्या एखादा अस्पृश्य मुसलमान झाला तर त्यालाही अडवाल का, असे बाबासाहेबांनी विचारले तेव्हा सगळे निरुत्तर झाले. तरीही किल्ल्यात त्यांच्याबरोबर पहारेकरी दिला गेला, कुठे पाण्याला हात लागू नये म्हणून!

आज हौदावरून कुणी ओरडत नसेल. पण रिश्ता जुळवताना काय होते? ऊसतोडीला जाणारा बाप 'बाहेरगावी नोकरीला' असतो. मुलीचा मोडलेला निकाह, मुलाला येणारी फिट, आजीला झालेला टीबी, सगळे झाकले जाते. पिंजारी, फकीर, कसाब ही नावे कमीपणाने उच्चारली जातात. सूरह हुजुरातच्या ११ ते १३ या आयतींत थट्टा करणे, वाईट नावाने हाक मारणे, संशय घेणे, दुसऱ्याची गुपिते उकरणे याला मनाई आहे. कबिले ओळखीसाठी आहेत, मोठेपणासाठी नाहीत, हेही तिथेच सांगितले आहे.

घरातून सुरुवात

मुलाने शहरात दुसरे नाव घेतले असेल तर आधी त्याचे सगळे ऐकून घ्यावे. मात्र भाडेकरार, नोकरीचा अर्ज, बँकेचे कागद यांवर खरेच नाव हवे, हे त्याला प्रेमाने पण ठामपणे सांगावे. कागदावरचा खोटेपणा गुन्हा ठरतो आणि पुढच्या मुलांची वाटही बंद करतो. शहरात स्थिरावलेल्या आपल्या कुटुंबांनी नव्या मुलाला पहिला महिना आपल्या ओळखीवर जागा मिळवून द्यावी. रिश्त्याच्या बैठकीत समोरच्याने आजार किंवा गरिबी खरी सांगितली, तर त्या खरेपणाची कदर करावी.

पुण्यातला सलीम आज रात्री घरी फोन करील. जेवलास का, हे तर आपण विचारतोच. तिथे तुला कोणत्या नावाने हाक मारतात, हेही एकदा विचारावे.