अळीच्या आईला भुलवणारा झेंडू

दिवस मावळला की टोमॅटोच्या वावरात मातकट पिवळ्या रंगाची पतंगाची मादी भिरभिरू लागते. तिला टोमॅटो खायचा नसतो बरं का! ती फुलांतला मध पिते. तिची शोधाशोध चाललेली असते ती अंडी घालायला जागा मिळावी म्हणून.

अंड्यातून निघालेली अळी मात्र भलतीच खादाड. ती टोमॅटोला भोक पाडते आणि डोकं आत खुपसून गर खात बसते. मागचं अर्धं अंग खुशाल बाहेर! मग ते फळ सडतं. हीच अळी हरभऱ्यावर आली की शेतकरी तिला घाटेअळी म्हणतात आणि कपाशीवर आली की बोंडअळी.

पण या मादीला टोमॅटोपेक्षाही झेंडू जास्त आवडतो. म्हणून शेतकरी टोमॅटोच्या दर चौदा-सोळा ओळींनंतर एक ओळ उंच वाढणाऱ्या झेंडूची लावतात. याला म्हणतात सापळा पीक. यातली खरी हुशारी आहे वेळ साधण्याची. टोमॅटोची रोपं 25 दिवसांची असताना लावायची, तर झेंडूची चांगली 40 दिवसांची. असं का? कारण दोघांना फुलं एकाच सुमाराला यायला हवीत. झेंडू उशिरा फुलला, तर मादी त्याची वाट बघत थांबेल थोडीच! ती टोमॅटोवरच अंडी घालून मोकळी होईल.

आणि झेंडू लावला म्हणजे काम संपलं, असं मुळीच नाही. त्याच्या कळ्या-फुलांतली अंडी नि अळ्या रोज वेचाव्या लागतात. नाहीतर अळ्या तिथेच मोठ्या होतील, त्यांचे पतंग होतील आणि सापळाच किडीचं घर बनेल!

मला सगळ्यात नवल वाटतं ते मातीखालच्या गोष्टीचं. मातीत सूत्रकृमी नावाचे, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे किडे असतात. ते टोमॅटोच्या मुळांत शिरतात, मुळांवर गाठी येतात आणि झाड खुरटतं. झेंडूच्या मुळांत मात्र त्यांना मारक असं एक रसायन असतं. त्याचं नाव अल्फा टरथायनिल. कुंडीतल्या एखाद्या रोपाने फारसा फरक पडत नाही. त्यासाठी झेंडू दाट लावून काही महिने वाढवावा लागतो आणि मग त्याच जागी टोमॅटो.

गच्चीवर किंवा परसात टोमॅटो असेल, तर शेजारी झेंडू लावून बघा. भिंग घेऊन त्याच्या कळ्या न्याहाळा. खसखशीच्या दाण्याएवढं, पिवळसर पांढरं, एकेकटं अंडं दिसतंय का?