प्रयोगशाळेतून फडताळात

रुग्णालयातील आप्ताच्या उशाशी चहा अथवा पेज घेऊन जाणाऱ्या गृहिणीला, आपल्या पिशवीतला थर्मास मुळात उष्णतेच्या नव्हे, तर पराकोटीच्या शैत्याच्या रक्षणासाठी जन्मास आला, असे सांगितले तर ती ते थट्टेवारी नेईल. परंतु वस्तुस्थिती तीच आहे. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये वायूंच्या द्रवीकरणाचे प्रयोग करणाऱ्या जेम्स ड्यूअर यांनी १८९२ साली, द्रवरूप वायू पाहता पाहता उकळून उडून जाऊ नयेत म्हणून, एकात एक बसविलेल्या दोन पात्रांमधली हवा काढून घेण्याची तजवीज केली. उष्णतेचे वहन आणि अभिसरण या दोहोंनाही माध्यम लागते, आणि निर्वातात नेमके तेच नाहीसे झालेले असते. उरला प्रारणाचा तिसरा मार्ग, तो काचेवरील रुपेरी मुलाम्याने बव्हंशी अडतो. उष्णता बाहेर निघाली आहे की आत येऊ पाहते आहे, याच्याशी पात्राला कर्तव्य नसते. त्यामुळे उणे १९६ अंशांवर उकळणारा द्रव नायट्रोजन आणि आले घातलेला चहा, दोघांचीही बडदास्त ते सारख्याच निष्ठेने ठेवते.

ड्यूअर यांनी मात्र आपल्या शोधाची सनद घेतली नाही. जर्मनीतील राइनहोल्ड बुर्गर या काचकारागिराने त्यावर धातूचे कवच चढवून तो बाजारात आणला, आणि ड्यूअर यांची फिर्याद न्यायालयात टिकली नाही.

आमच्या घरी बूच हरवल्यापासून थर्मासवर वाटी उपडी घालण्याचा प्रघात पडला आहे. निर्वाताचा सारा पराक्रम त्या तोंडाशी व्यर्थ जातो, आणि चहा कोमटच प्यावा लागतो.