दीड तासाचं विमान, आठ तासांची वाट

घरातल्या कुणाला परळच्या टाटा हॉस्पिटलला न्यायचं ठरलं, की शेजारपाजारचं कुणीतरी हमखास म्हणतं, "विमानानं न्या, दीड तासात मुंबई." दीड तास खरा, पण तो नागपूरहून मोजायचा. आपल्या यवतमाळला धावपट्टी आहे, तिकीट काढून बसावं असं रोजचं विमान नाही.

नागपूर ते मुंबई हे हवाई अंतर साधारण 690 किलोमीटर. रेल्वेनं हेच 837 भरतं, कारण रूळ वर्धा, अकोला, भुसावळ, नाशिक असे वळत जातात. समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा, तोही ठाणे जिल्ह्यातल्या आमणेपर्यंतच. विमान तासाला 800 किलोमीटर जातं, मग तासाच्या आत का पोचत नाही? कारण तिकिटावरच्या वेळेत जागेवरून हलणं, वर चढणं, हळूहळू उतरणं सगळं धरलेलं असतं. मुंबईवर गर्दी असली तर आकाशात घिरट्याही घालाव्या लागतात. हिवाळ्यात वरचा वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून जाताना थोडा वेळ जास्त, येताना कमी.

आता घरापासून मोजू. एसटीनं नागपूर तीन-साडेतीन तास. विमानतळावर दोन तास आधी. सामान देण्याचा काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो आणि मग कितीही विनवण्या करा, उपयोग नाही. विमानाचा दीड-पावणेदोन तास. सामान मिळायला अर्धा तास, तिथून परळ एक तास. झाले आठ-नऊ तास, आणि बहुतेक सगळे बसून.

दुसरी वाट धामणगावची. पन्नासेक किलोमीटर जायचं, संध्याकाळी विदर्भ एक्स्प्रेस धरायची, सकाळी दादर. दादरहून परळ अगदी जवळ. घरापासून चौदा-पंधरा तास लागतात, पण रात्र आडवं पडून जाते. म्हणजे विमानानं वाचतात ते सहा तास. ज्याला बसवत नाही त्याला मला तर रेल्वेच बरी वाटते. ज्याला रात्रीचा प्रवास झेपत नाही त्याला विमान.

पैशाचंही बघा. कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी जाता-येता रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीचं भाडं पडत नाही, सोबतच्या एकाला 75 टक्के सूट असते. त्यासाठी हॉस्पिटलचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो, तो मागून घ्या.

विमानच ठरलं तर चाकाच्या खुर्चीची मागणी तिकीट काढतानाच नोंदवा. औषधं आणि रिपोर्ट हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नको. ऑपरेशन झालं असेल तर विमानात बसायला हरकत नाही ना, हे डॉक्टरांना विचारूनच परतीची तारीख धरा. आणि सकाळची ओपीडी असेल तर त्याच दिवशीचं विमान नको, आदल्या दिवशीचं घ्या. नागपूरच्या हिवाळी धुक्यात सकाळची विमानं रखडतात.