बाह्य स्मृति-नियंत्रक

सूक्ष्मनियंत्रकाच्या चिपवरील अंगभूत स्मृती अपुरी पडते तेव्हा बाहेरची स्मृती त्यास जोडून देणाऱ्या व तिच्याशी होणाऱ्या देवघेवीचे नियमन करणाऱ्या मंडलास ‘बाह्य स्मृति-नियंत्रक’ असे म्हणतात. प्रक्रियक केवळ पत्ता (स्मृतीतील स्थान दर्शविणारी संख्या) देतो. त्यानुसार योग्य तारांवर, योग्य क्रमाने व योग्य वेळी संकेत पाठविण्याचे कार्य हा नियंत्रक करतो. जोडलेली स्मृती कोणत्या प्रकारची व किती वेगाची आहे, हे त्याच्या रजिस्टरांत ठराविक मूल्ये भरून सांगावे लागते. या क्रियेस संरूपण म्हणतात.

इंटेल कंपनीच्या ८०५१ या सूक्ष्मनियंत्रकात (१९८०) माहितीसाठी अवघी १२८ बाइट अंगभूत स्मृती होती आणि बाहेरून ६४ किलोबाइटपर्यंत स्मृती जोडता येत असे. देवघेवीचे कालावधी घड्याळाच्या स्पंदांत कायमचे ठरलेले असल्याने त्यांना पुरेल इतकी जलद स्मृती निवडावी लागे. एसटीएम३२एफ४२९ यासारख्या नंतरच्या सूक्ष्मनियंत्रकांत हे कालावधी संरूपणाने बदलता येतात.

स्थैतिक स्मृती : हिच्यासाठी मुख्यतः पत्ता स्थिर होण्याचा व माहिती स्थिर होण्याचा असे दोन अवधी द्यावे लागतात. घड्याळ १८० मेगाहर्ट्‌झचे असल्यास एक स्पंद सु. ५·५६ नॅनोसेकंदांचा होतो. त्यामुळे ५५ नॅनोसेकंदांत उत्तर देणाऱ्या स्मृतीस किमान १० स्पंद लागतात. तारांतील विलंब धरून त्यांत आणखी एकदोन स्पंदांची भर घालणे इष्ट असते.

गतिक स्मृती : हिच्यातील प्रत्येक बिट सूक्ष्म धारित्रावरील विद्युत् भाराच्या रूपात साठविलेला असतो. हा भार सतत गळत असल्याने स्मृतीच्या सर्व ओळींचे ठराविक मुदतीत पुनर्भरण करावे लागते. ४,०९६ ओळींसाठी ही मुदत ६४ मिलिसेकंद असल्यास दर १५·६२५ मायक्रोसेकंदांस एका ओळीची पाळी येते. स्मृतीचे घड्याळ ९० मेगाहर्ट्‌झचे असता हे अंतर १,४०६ स्पंदांचे होते. पाळी आली असता एखादे वाचन चालू असण्याचा संभव असतो; म्हणून उपर्युक्त सूक्ष्मनियंत्रकात २० स्पंद वजा करून १,३८६ ही संख्या भरतात.

समकालिक गतिक स्मृती सुरू करण्याचा क्रमही ठरलेला असतो. प्रथम घड्याळ चालू करून उत्पादकाने सांगितलेला अवधी (बहुधा १०० मायक्रोसेकंद वा अधिक) जाऊ देतात. नंतर सर्व ओळी मिटवून सज्ज करण्याची आज्ञा, काही पुनर्भरणे, कार्यपद्धती ठरविणाऱ्या रजिस्टराची भरणी व अखेरीस पुनर्भरणाचे अंतर अशा पायऱ्या येतात. वाचनाची आज्ञा व माहिती यांमधील स्पंदसंख्या स्मृती व नियंत्रक या दोहोंत एकच असावी लागते. अन्यथा चुकीच्या क्षणी माहिती उचलली जाते. हा कार्यक्रम अंगभूत स्मृतीतूनच चालवावा लागतो, कारण तो पूर्ण होईपर्यंत बाह्य स्मृती वापरण्याजोगी नसते.

संरूपणातील चूक लगेच उघड होतेच असे नाही. तापमानाबरोबर भाराची गळती वाढते. त्यामुळे पुनर्भरण विरळ असलेले उपकरण थंड असता बिनचूक चालते व तापल्यावर माहिती गमावते. लिहिलेले तत्काळ वाचून पाहिल्यास हा दोष सापडत नाही. यासाठी प्रत्येक स्थानी भिन्न मूल्य लिहून, काही काळ थांबून, सर्व स्थाने पुन्हा वाचतात आणि हीच चाचणी उच्च तापमानासही घेतात. भिन्न मूल्यांमुळे पत्त्याच्या तारांतील दोषही कळून येतात.