केकचे पैसे नक्की कशाचे?

बेकरीच्या काचेच्या कपाटात मांडलेला एक किलोचा केक आणि घरी केक करून विकणाऱ्या एखाद्या बाईंकडून आपल्याला हवा तसा करवून घेतलेला एक किलोचा केक, या दोहोंच्या किमतीत पुष्कळदा बरेच अंतर असते. मग घरातली वडीलधारी माणसे म्हणतात, "एवढे पैसे? मैदा, साखर आणि अंडीच ना त्यात?" प्रश्न चांगला आहे. त्याचे उत्तर रागावून न देता हिशेब करून द्यावे. कागद-पेन्सिल घेऊन बसा.

प्रथम मालाचा हिशेब. पाउंड केक हे नाव तुम्ही ऐकले असेल. मैदा, साखर, लोणी आणि अंडी हे चारही जिन्नस एक एक पाउंड, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम, घ्यावयाचे म्हणून हे नाव. आपल्याला एक किलोचे मिश्रण हवे, तेव्हा प्रत्येक जिन्नस २५० ग्रॅम घेऊ. एका अंड्याचे वजन सुमारे ५० ग्रॅम धरले तर अंडी झाली ५. आता वाण्याच्या दुकानातले आजचे भाव विचारून समोर मांडा. मैदा आणि साखर मिळून लोण्याच्या पासंगालाही पुरत नाहीत, असे तुम्हांला दिसेल. बेरीज केली तरी ती केकच्या किमतीपेक्षा खूपच कमी भरेल. म्हणजे वडीलधाऱ्यांचे म्हणणे मालापुरते बरोबर आहे. उरलेले पैसे जातात कुठे?

ते जातात वेळेत. कसे ते पाहू. केक हलका होतो तो त्यातल्या बुडबुड्यांमुळे. पुष्कळांना वाटते की हे बुडबुडे बेकिंग पावडर निर्माण करते. तसे नाही. लोणी आणि साखर फेटताना साखरेचे अणकुचीदार स्फटिक लोण्यात हवा ओढून नेतात आणि तेथे असंख्य बारीक बुडबुडे अडकतात. बेकिंग पावडरमधून निघणारा कार्बन डाय-ऑक्साइड वायू या आधीच असलेल्या बुडबुड्यांत शिरून त्यांना फुगवतो. फेटण्यात कसूर केली तर पावडर कितीही घाला, केक जड राहतो. उलट मैदा घातल्यावर फार ढवळले तर मैद्यातील प्रथिनांचे चिवट जाळे तयार होते आणि केक पावासारखा होतो. कोठे थांबायचे हे हाताला कळावे लागते.

मग भाजणे. ओव्हनमध्ये १८० अंश सेल्सिअस तापमान असले, तरी केकच्या पोटात पाणी आहे तोवर तेथले तापमान १०० अंशांच्या फारसे वर जात नाही. उष्णता कडेकडून मध्यापर्यंत सावकाश झिरपते आणि येथे एक गमतीदार नियम आहे. जाडी दुप्पट केली तर उष्णता मध्यापर्यंत पोहोचायला दुप्पट नव्हे, जवळजवळ चौपट वेळ लागतो. म्हणून उंच केक एकदम भाजत नाहीत; पातळ थर वेगवेगळे भाजून एकावर एक रचतात. भाजून झाला की तो निवायलाही तितकीच सवड द्यावी लागते. लोणी साधारण ३२ ते ३५ अंशांना वितळते. कोमट केकवर लोण्याचे आयसिंग चढवले तर ते ओघळून खाली येणारच.

आता बेकरीत काय होते पाहा. समजा, फेटणे, भाजणे, साचे घासणे यांत दोन तास गेले आणि भट्टीत एकदम २० केक निघाले. एका केकच्या वाट्याला आली ६ मिनिटे. घरच्या लहान ओव्हनमध्ये एकच केक भाजला, तर सगळी १२० मिनिटे त्या एकट्याच्या नावावर पडली. बाई बेकरीवाल्यापेक्षा आळशी आहेत म्हणून नव्हे, तर त्यांच्या वेळेला वाटून घ्यायला दुसरा केकच नाही म्हणून. फक्त तुमच्यासाठी केलेली वस्तू म्हणजे अशीच वस्तू. गोव्यातील बेबिंका पाहा ना! नारळाचे दूध, अंड्यातील बलक, साखर आणि मैदा यांचा एक थर भाजून झाल्यावरच त्यावर दुसरा ओततात. असे सात किंवा अधिक थर. तेथे नारळाचा भाव काढून किंमत ठरवायला कोणी बसत नाही.

आणि आता सजावट. उभे रॉकेट हवे असे सांगितले की गोष्टी बदलतात. हलका, स्पंजासारखा केक कोरता येत नाही. सुरी लावली की भुगा होतो, आणि वरचा भार पडला की तो दबतो. म्हणून घट्ट केक घ्यावा लागतो. त्यातही आधारासाठी काड्या आणि पुठ्ठ्याच्या चकत्या लपवतात; इमारतीचे वजन भिंतीच्या गिलाव्यावर नसून खांबांवर असते, तसेच हे. वरून साखरेच्या लगद्याचे, म्हणजे फाँडंटचे, आवरण येते. साखर हवेतील दमट ओढून घेते, त्यामुळे पावसाळ्यात हे आवरण घामेजते आणि रंग ओघळतात. या कामाला तास दोन तास सहज जातात.

तेव्हा हे पैसे द्यावेत का? केवळ चवीसाठी म्हणाल, तर माझे मत नाही असे आहे. कोरीव केक बहुधा साध्या केकपेक्षा घट्ट आणि अधिक गोड असतो, आणि फाँडंट निम्मी मुले ताटलीत काढूनच ठेवतात. आडवे रॉकेट चालणार असेल तर ते तुम्हीही करू शकता. ३० सें.मी. लांब व १५ सें.मी. रुंद असा साधा आयताकृती केक घ्या. वरच्या आखूड कडेच्या मध्यापासून दोन्ही बाजूंच्या कडांवर १० सें.मी. खाली तिरपे काप द्या. टोक तयार झाले. निघालेले दोन काटकोन त्रिकोण खालच्या बाजूस दोहीकडे लावले की पंख झाले. क्षेत्रफळ आधी ४५० चौरस सें.मी. होते, आताही तेवढेच आहे. चूर सांडला असेल तेवढाच तोटा.

पण उभे, रंगीत, खिडक्यांसहित रॉकेटच हवे असेल, तर तुम्ही विकत घेता ते कुणाचे तरी पाच-सहा तास. तेथे घासाघीस करण्यापूर्वी थोडा विचार करा. तुम्ही भाव पाडला म्हणून दुकानदार बाईंना लोणी स्वस्त देत नाही. कमी होते ते त्यांचे वेतन, नाही तर लोण्याच्या जागी वनस्पती चरबी येते. ती ओळखायची खूण सोपी आहे. आपल्या शरीराचे तापमान ३७ अंशांच्या आसपास, म्हणून लोणी जिभेवर वितळून जाते. ज्या चरबीचा वितळणबिंदू त्याहून वर आहे, तिचा मेणचट थर टाळूला चिकटून राहतो. अर्थात मे महिन्यात भर दुपारी केक न्यायचा असेल, तर अशी चरबी मुद्दाम वापरलेलीही असू शकते. आधी सांगितले असेल तर त्यात फसवणूक नाही.

विचारायचे ते वेगळेच प्रश्न. लोणी की वनस्पती चरबी? केकच्या वजनात फाँडंट आणि खालचा पाटही धरला आहे का? साखर हा सगळ्यांत स्वस्त जिन्नसांपैकी एक, तो केकच्या भावाने का घ्यावा? खाद्यपदार्थ विकण्यासाठी काढलेला १४ आकडी नोंदणी क्रमांक आहे का? आणि व्यास किती? उंची तीच ठेवून १५ सें.मी. ऐवजी ३० सें.मी. व्यासाचा केक घेतला तर तो दुप्पट नव्हे, चौपट होतो. चौपट केकला तिप्पट पैसे सांगितले तर महाग झाला की स्वस्त, हे पाहुण्यांची संख्या मोजून तुम्हीच ठरवा.