मुलांची गादी : स्वच्छता, संरक्षण आणि एक न ऐकलेला शब्द

उज्जैनच्या मराठी माणसाला ‘गादी’ या शब्दाचे दोन अर्थ ठाऊक असतात. एक गादी शिंदे सरकारांची. ती दौलतराव शिंद्यांनी १८१० साली येथून ग्वाल्हेरास हलवली. दुसरी गादी कापसाची, जिच्यावर आपली मुले आयुष्याची पहिली काही वर्षे दिवसाचे दहा-बारा तास घालवतात. या दुसऱ्या गादीविषयी चार शब्द लिहावेत, असा विचार आहे. स्मरणिकेसाठी हा विषय काहीसा घरगुती वाटेल. परंतु एका गादीनेच मला माझ्या व्यवसायातील एक मोठा धडा शिकवला आहे.

काही वर्षांपूर्वी एक माता धाकट्याच्या लसीकरणासाठी आली होती. निघता निघता तिने विचारले, “डॉक्टरसाहेब, मोठा हल्ली रात्री गादी ओली करतो. वास काही जात नाही. कशाने स्वच्छ करू?” बाहेर रांग होती. मी सिरका, सोडा आणि ऊन असा उपाय सांगितला. बाई समाधानाने गेल्या. पाचव्या दिवशी तोच आठ वर्षांचा मुलगा धापा टाकत, ग्लानीच्या अवस्थेत माझ्यासमोर आला. रक्तातील साखर पाचशेच्या वर होती. तो टाइप १ मधुमेह होता आणि कीटोॲसिडोसिसची अवस्था आली होती. ईश्वरकृपेने मुलगा वाचला. आज तो इन्सुलिन घेत महाविद्यालयात शिकतो आहे. गादीविषयी मी सांगितले ते बरोबरच होते. ‘हल्ली’ हा शब्द मात्र मी ऐकला नव्हता. त्याकडे शेवटी वळू. आधी त्या मातेच्या मूळ प्रश्नाचे उत्तर पाहू.

डाग आणि वास

गादी ओली होताच कोरडे सुती कापड दाबून ओल टिपून घ्यावी. घासू नये, घासल्याने ओल खोल जाते. पाणी ओतू नये. कापूस ते धरून ठेवतो आणि आत बुरशी वाढते. पांढरा सिरका व पाणी समभाग घेऊन फडक्याने डागावर हलकेच लावावे व पुन्हा टिपावे. नंतर खाण्याचा सोडा भुरभुरून काही तास ठेवावा आणि कोरडा झाल्यावर झटकून टाकावा. ब्लीचिंगचे द्रावण मात्र मूत्राच्या डागावर कदापि वापरू नये. मूत्रातील अमोनियाशी क्लोरीनचा संयोग होऊन निघणारी वाफ श्वासनलिकेस दाहक असते आणि दम्याच्या मुलास विशेष घातक ठरते.

यानंतर सूर्यप्रकाश. कापसाची गादी दोन्ही बाजूंनी कडक उन्हात वाळवावी. फोमची गादी उन्हाने झिजते. ती हवेशीर सावलीत उभी करून वाळवणे इष्ट.

न दिसणारे रहिवासी

गादीतील धूळ ही निव्वळ माती नव्हे. माणसाच्या त्वचेच्या गळून पडलेल्या सूक्ष्म पापुद्र्यांवर ‘डस्ट माइट’ नावाचे कोळ्यांच्या वर्गातील जीव पोसले जातात. डोळ्यांना न दिसणाऱ्या या जीवांच्या विष्ठेतील प्रथिने दमा, सकाळच्या शिंका आणि त्वचेची खाज वाढवतात. घरातील धुळीच्या ॲलर्जीचे मूळ या माइटमध्ये आहे, हे नेदरलँड्समधील संशोधकांनी १९६०च्या दशकात दाखवून दिले.

हे जीव पाणी पीत नाहीत. हवेतील दमटपणा शोषून जगतात. म्हणून आपल्या माळव्याचा कोरडा उन्हाळा त्यांचा शत्रू आणि पावसाळा त्यांचा मित्र. एप्रिल-मे महिन्यांत गाद्या उन्हात घालण्याची आपल्या आज्यांची रीत शास्त्रशुद्धच होती. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. उन्हाने माइट मरतात, पण त्यांची विष्ठा आतच राहते. म्हणून ऊन दिल्यावर गादी झोडपणे आवश्यक आहे, आणि ते मुलाला दूर ठेवूनच करावे. पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून घेताना दम्याच्या मुलास त्या दिवशी घरापासून लांबच ठेवावे. चादरी व खोळी आठवड्यातून एकदा सुमारे ६० अंश सेल्सियस तापमानाच्या पाण्यात धुवाव्यात. थंड पाण्याने मळ जातो, पण माइट मरत नाहीत.

माइटरोधक खोळींचा उपयोग होतो काय? २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या ब्रिटिश अभ्यासात प्रौढ दमेकऱ्यांना त्यांचा लाभ दिसला नाही. परंतु २०१७ साली मँचेस्टरच्या संशोधकांना असे आढळले, की माइटची ॲलर्जी असलेल्या दमेकरी मुलांमध्ये खोळी वापरणाऱ्यांपैकी सुमारे २९ टक्के, तर साध्या खोळी वापरणाऱ्यांपैकी सुमारे ४२ टक्के मुलांना वर्षभरात तीव्र झटक्यासाठी रुग्णालय गाठावे लागले. तात्पर्य, ज्याला ही ॲलर्जी आहे अशा मुलासाठी हा खर्च सार्थ ठरू शकतो. तथापि खोळ ही औषधाला पर्याय नव्हे.

संरक्षण आणि सुरक्षितता

गादीवर चेनची जाड खोळ, तिच्यावर कडा दाबून बसवलेले मेणकापड किंवा रबरी कापड आणि त्यावर सुती चादर, हा क्रम उत्तम. सुट्या प्लॅस्टिकच्या पिशव्या मात्र अंथरू नयेत. त्या तोंडावर येऊन बाळ गुदमरण्याचा धोका असतो. एक वर्षाखालील बाळाची गादी टणक व सपाट असावी. उशी, जाड गोधडी आणि मऊ खेळणी जवळ नसावीत आणि बाळाला पाठीवर निजवावे.

आणखी एक कळकळीची विनंती. ढेकूण घालवण्यासाठी गव्हात ठेवायच्या गोळ्या गादीखाली किंवा निजण्याच्या खोलीत कधीही ठेवू नका. ॲल्युमिनियम फॉस्फाइडची ती गोळी हवेतील ओलाव्याने फॉस्फीन वायू सोडते. तो हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत, म्हणजे निजलेल्या मुलाच्या पातळीवर, पसरतो. त्यावर उतारा नाही. वर्षाचा गहू भरून ठेवणाऱ्या आपल्या घरांनी ज्या खोलीत औषध घातलेले धान्य आहे, त्या खोलीत कोणाला निजू देऊ नये.

आता त्या शब्दाकडे

पाचव्या वर्षी सुमारे १५ टक्के मुले रात्री अंथरूण ओले करतात आणि त्यांतील साधारण सातव्या हिश्श्याची सवय दरवर्षी आपोआप सुटते. दोन्ही पालकांना लहानपणी ही सवय असेल, तर मुलाला ती असण्याची शक्यता सुमारे ७७ टक्के असते. हा आळस नव्हे, हट्टही नव्हे. ओली गादी रस्त्याकडच्या गच्चीत टांगून मुलाला लाज वाटायला लावणे ही शिक्षाच आहे. तिने गादी वाळते, मूल मात्र मिटते. बद्धकोष्ठता पाहावी, निजण्यापूर्वी लघवीची सवय लावावी, कोरड्या सकाळचे कौतुक करावे. अडचण राहिल्यास अलार्म व औषधे उपलब्ध आहेत.

परंतु जे मूल सहा महिने वा अधिक काळ कोरडे राहत होते आणि ‘हल्ली’ पुन्हा गादी ओली करू लागले, त्याची गोष्ट वेगळी. मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा मनावरील ताण हे कारण असू शकते. पण तहान वाढली असेल, वजन घटत असेल, तर त्याच दिवशी साखर तपासावी. ग्लुकोमीटरला एक मिनिटही लागत नाही. रक्तातील साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली, की ती मूत्रात उतरते व सोबत पाणी ओढून नेते. आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथांनी मधुमेह्याच्या मूत्राला मुंग्या लागतात, हे नोंदवून ठेवले आहे. ओल्या चादरीवरील मुंग्यांकडे म्हणूनच दुर्लक्ष करू नये.

इटलीतील पार्मा येथे १९९१ पासून शाळांत व दवाखान्यांत एक साधे भित्तिपत्रक लावण्यात आले. कोरडे राहणारे मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागले तर सावध व्हा, हे त्यात ठळकपणे सांगितले होते. कीटोॲसिडोसिसच्या अवस्थेत निदान होणाऱ्या मुलांचे प्रमाण तेथे ७८ टक्क्यांवरून १२.५ टक्क्यांवर आले. खर्च केवळ कागदाचा होता.

माझ्या समव्यवसायी बंधुभगिनींना एवढेच सांगणे, की कोणी गादीविषयी विचारले, तर आपण मुलाविषयी विचारावे. मी तेव्हापासून ‘कधीपासून?’ हा प्रश्न विचारल्यावाचून सिरका-सोड्याचा उपाय सांगत नाही. आणि पालकांना विनंती, की गादी उन्हात घालताना मुलाच्या पाण्याच्या ग्लासाकडेही एक नजर असू द्यावी.