आवृत्ती ०.१ ची खिडकी

डबल-क्लिक करावा असा इन्स्टॉलर नाही. कोडचे एक फोल्डर आणि त्यात चार-दोन सूचनांची ‘रीडमी’, एवढेच हाती येते. पायथॉनमध्ये नुकती आकाराला येऊ लागलेली ओपन सोर्स अ‍ॅप्लिकेशन्स बहुधा अशीच भेटतात. अशा ०.१ ला कमी लेखू नये. खुद्द पायथॉन जगापुढे आली तीच ०.९.० म्हणून, फेब्रुवारी १९९१ मध्ये; गुइडो व्हॅन रॉसम यांनी तिचा सोर्स कोड यूजनेट या चर्चागटांच्या जाळ्यावर ठेवला होता आणि ज्याला हवी त्याने ती आपल्या यंत्रावर बांधून घ्यायची होती.

आज काम सोपे आहे. टर्मिनलमध्ये चार आज्ञा दिल्या की खिडकी उघडते. पण त्या चार आज्ञांच्या पोटात जे घडते, ते पाहून थक्क व्हायला होते.

पहिली ‘गिट क्लोन’. आपल्याला वाटते, आजचा कोड उतरला. उतरतो तो प्रकल्पाचा सगळा इतिहास: पहिल्या दिवशीची ओळ, नंतर खोडलेली ओळ, कोणी कधी काय बदलले त्याची नोंद. प्रत्येक नोंदीची सहसा ४० अक्षरांची एक खूण असते आणि ती काढताना आधीच्या नोंदीची खूणही हिशेबात धरलेली असते. मागे कुठे एक अक्षर जरी गुपचूप फिरवले, तरी तिथून पुढच्या सगळ्या खुणा बदलतात.

दुसरी आज्ञा ‘व्हेन्व्ह’, म्हणजे या अ‍ॅप्लिकेशनपुरते वेगळे पायथॉन. लिनक्सवर सिस्टिमची काही साधनेही पायथॉनवरच चालतात. त्यांच्या लायब्रऱ्यांत आपण ढवळाढवळ केली तर ती बंद पडू शकतात. डेबियन १२ ही लिनक्स तर तिथे लायब्रऱ्या बसवणारे ‘पिप’ थेट चालवायला नकारच देते. हे वेगळेपण टिकते कशावर? फोल्डरमधल्या एका छोट्या मजकूर फाइलवर. सुरू होताना पायथॉन आपल्या आसपास ती फाइल शोधते. सापडली, की बाहेरून बसवलेल्या लायब्रऱ्या त्याच फोल्डरातून घेते. बाकी कसली भिंत नाही! २०१२ मध्ये, ३.३ आवृत्तीत, ही सोय पायथॉनमध्येच आली.

तिसरी आज्ञा ‘पिप इन्स्टॉल’. यादीत पाच-सहा नावे असतात, पण त्यांतल्या प्रत्येकाला आणखी कोणी लागतात, त्यांना आणखी कोणी. आमंत्रण मोजक्यांना आणि दारात सगळे वऱ्हाड. सगळ्यांचे एकमेकांशी जुळेल अशा आवृत्त्या पिप शोधते, एक जोडी जमली नाही तर मागे येऊन दुसरी आजमावते. खिडकीसाठी पायसाइड वापरले असेल तर तिच्यामागून क्यूटी ही सी प्लस प्लसमधली प्रचंड लायब्ररी येते. तिचे काम नॉर्वेत दोन प्रोग्रामरनी सुरू केले तेही १९९१ मध्येच. अ‍ॅप्लिकेशनचा स्वतःचा कोड काही किलोबाइट, आणि तो ज्यांच्या खांद्यावर उभा आहे ते शेकडो मेगाबाइट.

चौथ्या आज्ञेने मुख्य फाइल चालते. इथे एखादे मॉड्यूल सापडले नाही तर पडद्यावर येणाऱ्या मजकुराला घाबरू नये. तो खालून वाचायचा. नेमके काय अडले ते बहुधा शेवटच्या ओळीत असते.

खिडकी उघडली, की मला सर्वांत आवडणारी गोष्ट करून पाहावी. कोडमध्ये ‘प्रिंट’ बटणाचे इंग्रजी नाव शोधा, अवतरणचिन्हांत ‘मुद्रित करा’ लिहा, फाइल जतन करा आणि अ‍ॅप्लिकेशन पुन्हा चालवा. बटण मराठीत दिसते. काही नव्याने बांधावे लागत नाही, कारण जो मजकूर आपण वाचतो तोच पायथॉन वाचते. पायथॉन ३ सोर्स फाइल यूटीएफ-८ या अक्षरसंकेतातच आहे असे धरून चालते, म्हणून देवनागरीसाठी वेगळे काही सांगावे लागत नाही.

आणि त्या एका शब्दात केवढे काम आहे! ‘मुद्रित’ हा संगणकाच्या स्मृतीत सात चिन्हांचा आहे: म, उकार, द, हलन्त, र, वेलांटी, त. वेलांटी साठवलेली असते ‘र’नंतर, पण काढायची असते ‘द’च्याही आधी. द आणि र यांचे जोडाक्षर करून वेलांटी डावीकडे सरकवणारी हार्फबझ ही मुक्त लायब्ररी क्यूटीबरोबरच आपल्याकडे आलेली असते. आता ‘गिट डिफ’ म्हणा: एक ओळ गेली, एक आली. मूळ लेखकाला हा बदल पाठवायला एवढे पुरते.